आधी अडचण ओळखा, मग फोटोला हात लावा

हुबळी-धारवाडच्या नवनगर, अमरगोळ, उणकल या पट्ट्यात दुकान, खानावळ, शिकवणी किंवा एखादा छोटा धंदा चालवणाऱ्या मराठी मंडळींना एक सांगायचं आहे. वेबसाइट करून घ्यायला कुणाकडे जायच्या आधी काही दिवस दुसऱ्यांच्या वेबसाइट नुसत्या बघा. बघा म्हणजे अंगठ्याने वर सरकवत जाऊ नका. एखाद्या पानावर नजर अडकली की तिथेच थांबा आणि त्या पानावरच्या फोटोचं नेमकं काय केलं आहे ते शोधा. माणूस कापून काढलाय का? रंग काढून टाकलेत का? वर ठिपके, रेघा, कागदाचा पोत असं काही चढवलंय का? एवढं सापडलं की स्वतःला विचारा, हे करायची वेळ का आली असेल?

हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक डिझायनरच्या टेबलावर मोबाइल ठेवतं आणि म्हणतं, ‘डिट्टो असंच पाहिजे.’ डिझायनरलाही पोट आहे, तो देतो करून. मग कुठल्याशा गाण्याच्या ॲपवरचा निळा-गुलाबी रंग आपल्या पेढ्याच्या ताटावर येऊन बसतो. निळा पेढा कुणाला खावासा वाटणार? त्या रंगात खोट नव्हती. ज्या कामासाठी तो लावला होता ते काम आपलं नव्हतं.

फोटोवरची जी कलाकुसर तुम्हाला आवडते, तिच्यामागे बहुतेक वेळा कुणाची तरी अडचण असते. शाई एकच आहे, पैसे कमी आहेत, फोटो वाईट आहे, किंवा फोटो दहा जणांनी दहा तऱ्हांनी काढलेले आहेत. त्यातून वाट काढताना जे काही केलं गेलं तेच पुढे स्टाइल म्हणून मिरवू लागलं. तेव्हा स्टाइल उचलण्याआधी तिची अडचण शोधा, आणि आपली अडचण तीच आहे का ते बघा. असेल तर खुशाल उचला.

ठिपक्यांचंच घ्या. जुन्या वर्तमानपत्रात दिसायचे तसे जाड ठिपक्यांचे फोटो हल्ली वेबसाइटवर फार चालतात. हाफटोन म्हणतात त्याला. हा प्रकार जन्मला छापखान्यात. छपाईच्या काळ्या शाईला करडा रंग ठाऊक नसतो. कागदावर शाई लागते किंवा लागत नाही, अधलंमधलं काही नाही. मग गालावरची सावली छापायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत यावर तोडगा निघाला. बारीक आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या काचेतून मूळ फोटोचा फोटो घ्यायचा. त्यात सावलीच्या जागी मोठे ठिपके उमटतात, उजेडाच्या जागी बारीक, आणि थोडं लांबून बघितलं की डोळ्याला ते करडे भासतात. त्यावरून धातूचा ब्लॉक करायचा. आपले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले त्याआधी याच धंद्यात होते. लोणावळ्याला त्यांचा ब्लॉक करण्याचा आणि छपाईचा कारखाना होता, आणि छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले होते. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर शाई पसरते, म्हणून तिथे जाळी जाड ठेवत, इंचाला ६५ ते ८५ रेघांची. गुळगुळीत आर्ट पेपरवर ती १५० पर्यंत नेता येई. म्हणजे जाड ठिपका ही स्वस्त कागदाची खूण होती.

मोबाइलच्या पडद्याला करडा रंग उत्तम दाखवता येतो. मग आता ठिपके कशाला? समजा, तुमच्या आजोबांनी दुकान काढलं तेव्हाचा एकच फोटो घरात आहे. कुणीतरी तो मोबाइलने टिपला, चार नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून फिरत तो तुमच्याकडे आला, आणि आता नाक कुठे संपतं, मिशी कुठे सुरू होते तेही कळत नाही. आधी मूळ प्रत कुणाच्या कपाटात आहे ते शोधा आणि ती चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. ती मिळालीच नाही तर हाताशी आहे त्या फोटोचे मुद्दाम जाड ठिपके करा. बघणारा मग त्यात बारकावे शोधायचं सोडून देतो. पागोटं, खांदे, मागची दाराची चौकट, एवढी आकृती त्याला पुरते. ठिपके लावायचे ते अशा ठिकाणी. उलट, दुकानातली इरकली चांगल्या उजेडात, काठातला धागा न् धागा दिसेल अशी टिपली असेल, तर तिच्यावर ठिपके चढवू नका. ती साडी घ्यायला येणारी बाई धागाच बघायला येते.

दोन रंगांत बुडवलेल्या फोटोंची गोष्टही छापखान्यातूनच सुरू होते. पूर्ण रंगाचे ब्लॉक महाग पडत, म्हणून मराठी मासिकं आणि दिवाळी अंक कितीतरी वर्षं आतल्या पानांवर काळ्या शाईच्या जोडीला एखादी तांबडी नाहीतर निळी शाई घेऊन भागवत. मडगावात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांचा ‘दीपावली’ हा दिवाळी अंक १९४५ पासून निघू लागला. दलाल म्हटलं की सगळ्यांना रंगीत मुखपृष्ठं आठवतात. मला विचाराल तर वेबसाइट करणाऱ्याने त्या पिढीच्या चित्रकारांची आतली, कथांजवळची रेखाटनं जास्त बघावीत. कुठली जागा कोरी सोडायची हे त्यात डोळ्यांपुढे असतं. असे जुने अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालायच्या आधी एकदा चाळा.

आता २०१५ कडे या. स्पॉटिफाय या गाण्याच्या ॲपने तेव्हा आपलं रूप बदललं आणि गायकांचे फोटो दोन भडक रंगांत रंगवायला सुरुवात केली. जगभर त्याची नक्कल झाली. पण त्यांच्यापुढचा पेच बघा. हजारो कलाकार, प्रत्येकाचा फोटो वेगळ्या छायाचित्रकाराचा, वेगळ्या उजेडातला. ते शेजारी शेजारी लावले तर पान म्हणजे नुसता गोंधळ. दोन रंगांत बुडवल्यावर सगळे एका घरचे दिसू लागतात.

ही अडचण आपल्या गावात कुणाची आहे? गाण्याच्या क्लासची! हुबळी-धारवाड म्हणजे गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचं गाव. गल्लोगल्ली कुणीतरी शिकवत असतं. अशा क्लासच्या बाईंकडे वार्षिक कार्यक्रमाचे फोटो असतात ते पालकांनी आपापल्या मोबाइलने काढलेले. एक पिवळा, एक हिरवट, एकात मागे प्रायोजकाचा फ्लेक्स. इथे दोन रंगांचा उपाय शंभर टक्के लागू पडतो. करायची रीत अशी. आधी फोटो काळा-पांढरा करा. गडद भागाला एक गडद रंग द्या, उजळ भागाला एक फिका रंग. दोघांत अंतर भरपूर ठेवा, नाहीतर चेहरा धुक्यात गेल्यासारखा दिसतो. माणसाचा चेहरा असेल तर फिका रंग उबदार घ्या, हळदीकडे किंवा मातीकडे झुकणारा. दोन्ही रंग थंड घेतले की जिवंत माणूस आजारी दिसतो. फोटो मुळातच काळोखा असेल तर रंग चढवण्याआधी त्याचा उजेड वाढवा, नंतर वाढवून उपयोग होत नाही. आणि गायकांचे फोटो क्रॉप कसे करावेत हे बघायचं असेल तर पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी टिपलेली गायक-वादकांची कृष्णधवल छायाचित्रं शोधून बघा. मैफलीतला माइक, वायरी, पाण्याचा तांब्या, सगळ्या पसाऱ्यातून नजर नेमकी कुठे न्यायची हे त्यातून शिकता येतं. नजर ठरली असेल तर कित्येकदा रंगाची गरजही लागत नाही.

कॉम्प्युटरवर बघत असाल तर आणखी एक सोय आहे. ती मला फार आवडते, आणि शाळेतल्या पोरांनाही पाच मिनिटांत जमते. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पान उघडा, फोटोवर उजवं बटण दाबा आणि ‘इन्स्पेक्ट’ निवडा. बाजूला ओळींची रांग दिसेल. घाबरू नका, तुमच्या हातून कुणाची वेबसाइट बिघडत नाही. पान पुन्हा उघडलं की सगळं जागच्या जागी. त्या ओळींत ‘फिल्टर’, ‘मिक्स-ब्लेंड-मोड’ किंवा ‘बॅकग्राउंड-ब्लेंड-मोड’ असं काही दिसलं तर तिच्यापुढची खूण काढा. रंग उतरतो आणि खालचा मूळ फोटो उघडा पडतो. कधी तो इतका साधा निघतो की हसू येतं. कधी कळतं की फोटो मुळातच सुरेख होता आणि वरचा रंग केवळ हौस होती. दोन्ही वेळा तुम्ही काहीतरी शिकलेले असता. प्रत्येक पानावर हे जमेल असं नाही. पुष्कळ ठिकाणी रंग फोटोतच भाजून टाकलेला असतो. तिथे मूळ फोटो कसा असेल याचा अंदाज बांधायचा आणि आपल्याकडच्या एखाद्या फोटोवर तसं करून बघायचं. फोटोशॉप विकत घ्यायची गरज नाही. गिम्प आणि इंकस्केप फुकट आहेत, फोटोपी तर ब्राउझरमध्येच चालतं.

कापून काढलेल्या माणसांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त घोळ तिथे होतात. पार्श्वभूमी उडवून माणूस नुसताच सपाट रंगावर उभा करण्याची पद्धत मूळची कात्री-गोंदाची. तिचा उपयोग उघड आहे. फोटोत मागे ट्यूबलाइट, देवाचं कॅलेंडर, गॅसचं सिलिंडर काहीही असो, ते गेलं. आता मोबाइल हे काम एका टिचकीत करतो, आणि म्हणूनच कुणी ते तपासत नाही. नऊवारीतल्या बाईंचा फोटो असा कापून आला की तो दुप्पट मोठा करून कडेकडेने फिरा. वेणीतली मोगऱ्याची शेवटची दोनतीन फुलं गेलेली असतात. नथीतला अर्धा आकडा गेलेला असतो. कमरेवर हात असेल तर कोपराच्या आतल्या तिकोनात मागच्या भिंतीचा हिरवा तुकडा तसाच राहिलेला असतो. केसांच्या कडेला पांढरी रेघ असते, ती गडद रंगावर ठेवली की झळकते. तंबोऱ्याचं तर विचारूच नका. यंत्राला भोपळा दिसतो, तारा दिसत नाहीत, आणि गायिका मग बिनतारांचा तंबोरा छेडत बसते. असं झालं तर तारा हाताने काढण्याच्या फंदात पडू नका. फोटो चौकटीतच ठेवा आणि फक्त डोकं नाहीतर तंबोऱ्याचा दांडा चौकटीच्या बाहेर येऊ द्या. काम तेच होतं आणि तारा जागेवर राहतात. कापलेला माणूस पूर्ण उभा असेल तर पायाखाली हलकी सावली घाला, नाहीतर तो हवेत लटकतो. आणि पाच जणांना कापून एकत्र आणणार असाल तर सगळ्यांवर उजेड एकाच बाजूने पडलाय ना ते आधी बघा. एकाच्या नाकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, असं असेल तर कितीही सफाईने कापलं तरी डोळ्याला खुपतंच.

खाण्याच्या फोटोला मात्र शक्यतो हात लावू नका, असं माझं ठाम मत आहे. धारवाडचा पेढा घ्या. मुळात तपकिरी, वर साखर घोळवलेली, आकार वेडावाकडा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली समोरून फोटो काढला तर तो मातीचा गोळा दिसतो आणि साखर चिकटलेल्या धुळीसारखी. कुठलाही रंग चढवून हे सुधारत नाही. सकाळी खिडकीजवळ ताट ठेवा, दिवे बंद करा, उजेड एका बाजूने येऊ द्या. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे सावली फार काळी होत नाही. मग इतक्या जवळून फोटो काढा की दोनच पेढे चौकटीत मावतील आणि त्यातला एक मोडलेला असेल. साखरेचा दाणा न् दाणा आपापली सावली टाकतो, मोडलेल्या कडेला खव्याचा रवाळपणा दिसतो. ही सगळी कारागिरी फोटो काढण्यापूर्वीची आहे. डिझायनरने त्यावर फार तर जागा सोडावी. हेच चकलीला, कडक भाकरीला आणि लोणच्याच्या बरणीलाही लागू आहे.

नक्षीसाठी परदेशी पानांकडे बघण्याआधी घरातलं कपाट उघडा. कसुती आपल्या इथली, धारवाडच्या परिसरातली. २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे तिचे चार टाके. कापडावर नक्षी आधी रेखून घेत नाहीत, सुताचे धागे मोजत सुई चालते. गवंती आणि मुरगीचं काम दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, सगळं त्या मोजणीत बसवलेलं. त्यामुळे इथे वळण नाहीच. मोराची मानसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. ही अडचण आणि कॉम्प्युटरच्या पडद्याची अडचण जवळपास सारखी, कारण पडदासुद्धा चौकोनी ठिपक्यांचाच असतो. म्हणून कसुती पडद्यावर जितकी सहज बसते तितकी वेलबुट्टी बसत नाही.

पण लोक करतात काय, साडीच्या काठाचा फोटो काढतात आणि पानाच्या वर ताणून लावतात. टाके फाकतात, कापडाच्या सुरकुत्या दिसतात, पान जड होतं. त्यापेक्षा आलेखाची वही घ्या, घरातल्या जाणत्या बाईला शेजारी बसवा आणि एक गोपुर चौकोन मोजून उतरवा. तेवढंच इंकस्केपमध्ये रेघांनी काढून एसव्हीजी म्हणून साठवा. फाइल काही केबींची होते, कितीही मोठी केली तरी फाटत नाही आणि रंग हवा तेव्हा बदलता येतो. एकच गोपुर पुन्हा पुन्हा लावलं की किनार होते. फोटोच्या एका कडेला ही किनार, बाकी फोटो मोकळा, एवढं पुरे. चारही बाजूंनी लावली की लग्नपत्रिका दिसायला लागते. नक्षी ज्या बाईने दिली तिला पैसे द्या आणि तिची हरकत नसेल तर पानाच्या तळाशी नाव घाला.

अक्षरांकडे वळू. फोटोवर अक्षरं घालण्याची हौस सगळ्यांनाच असते आणि आपल्याकडे तर लिप्या दोन-तीन. कर्नाटकात दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवं, हे २०२४ पासून सगळ्यांना पाठ झालंय. नवनगरातल्या गिऱ्हाइकासाठी वेबसाइटवरही कन्नड मोठं असणंच शहाणपणाचं; मराठी आणि इंग्रजी त्याच्यासोबत. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली, तिच्या मात्रा वर जातात. कन्नडची जोडाक्षरं खाली लोंबतात. वर कन्नड आणि लगेच खाली मराठी अशा ओळी चिकटवल्या तर दोन्ही एकमेकांत अडकतात. मध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा. फुकट मिळणारे फाँट पुष्कळ आहेत. ‘बालू’ या घराण्यात देवनागरी आहे आणि कन्नडही, त्यामुळे दोन्ही लिप्या एका वळणाच्या दिसतात. मजकूर गंभीर असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ आणि ‘टिरो कन्नड’ ही जोडी बघा. मराठी वळणाचे ल आणि श त्यात आहेत; हिंदी वळणाच्या फाँटमध्ये ते परके वाटतात.

फोटोवर अक्षरं ठेवायचीच असतील तर खालच्या भागात फोटो हळूहळू काळोखा करत न्या आणि तिथे पांढरी अक्षरं ठेवा. किती काळोखा? वेबसाठी जगभर मानलेला दंडक असा आहे की साध्या अक्षराचा आणि मागच्या रंगाचा उजेड यांचं प्रमाण निदान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षराला ३ ला १ चालतं. हे मोजून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. आणि अक्षरं फोटोत मिसळून एकच चित्र करून घेऊ नका. असं केलं की गूगलला तुमचं नाव सापडत नाही, अंध माणसाचा मोबाइल ते वाचून दाखवू शकत नाही, आणि फोन नंबर बदलला की पुन्हा डिझायनरच्या दारात उभं राहावं लागतं.

वजनाचं थोडक्यात. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. पानावर तो वेबपी या फाइल-प्रकारात दीड-दोनशे केबींत बसायला हवा, आणि बसतो. जुन्या फिल्मसारखा रवाळ पोत सध्या फॅशनमध्ये आहे. तो फोटोतच मिसळला तर फाइल फुगते, कारण विस्कटलेले ठिपके दाबून लहान करता येत नाहीत. रवा हवाच असेल तर त्याचा छोटा चौकोनी तुकडा वेगळा ठेवून फोटोवर पसरायला सांगा. धूसर पार्श्वभूमी आणि मोजके सपाट रंग यांनी वजन उलट घटतं.

दुसऱ्याच्या पानावरून पद्धत घ्या, फोटो घेऊ नका. भारतात फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो आणि गूगलवर दिसतो म्हणून फोटो फुकट होत नाही. तुम्ही पैसे देऊन तुमच्यासाठी काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, तुमचाच असतो. म्हणून फोटोग्राफरने पावतीच्या मागे काय छापलंय ते एकदा वाचा. विकिमीडिया कॉमन्सवर उणकलच्या चंद्रमौळेश्वर मंदिराचे फोटो मिळतील. ते परवान्यात लिहिल्याप्रमाणे फोटोग्राफरचं नाव देऊन वापरा. त्यावर रंग चढवला तरी नाव द्यावंच लागतं. क्लासमधल्या मुलामुलींचे फोटो लावण्याआधी पालकांकडून लेखी होकार घ्या, आणि कुणी नाही म्हटलं तर कारण विचारू नका. पंधरा ऑगस्ट आला की दुकानाच्या बॅनरवर तिरंगा पसरायची लाट येते. आपल्या हुबळीतच, बेंगेरीच्या खादी संघात राष्ट्रध्वज शिवले जातात, त्याचा अभिमान असावाच. पण १९५० च्या कायद्यानुसार ध्वजाचं चित्र धंद्याच्या कामासाठी परवानगीवाचून वापरता येत नाही.

एवढं बघून झालं की डिझायनरकडे जा आणि जाताना स्क्रीनशॉटच्या जोडीला एक कागद न्या. त्यावर आपले फोटो कुठले, त्यात काय बिघडलेलं आहे आणि कुठल्या पानावर तशाच बिघाडाला काय उपाय केलेला दिसला, एवढं लिहा. ‘छान दिसलं पाहिजे’ असं लिहू नका; त्याचा त्याला काही उपयोग नाही. काम हातात आलं की पैसे चुकते करण्यापूर्वी घरातला सगळ्यांत जुना, काचेला तडा गेलेला मोबाइल घ्या, दुपारी नवनगरच्या चिगरी बसथांब्याजवळ उन्हात उभे राहा आणि पान उघडा. बस येईपर्यंत दुकानाचं नाव, फोन नंबर आणि पहिल्या फोटोत काय आहे हे तिन्ही कळलं नाही, तर फोटोवरचा एक थर काढून टाकायला सांगा. तरी कळलं नाही तर आणखी एक.